नी-स्लीव्ह घसरते की गुंडाळते? आधी तेवढं ओळखा

"स्लीव्ह जागेवर राहत नाही" ही नी-स्लीव्हबद्दलची, म्हणजे वजनं उचलताना गुडघ्यावर चढवायच्या घट्ट रबरी बाहीबद्दलची, तक्रार मी वजनं उचलायला शिकवायला लागल्यापासून इतक्यांदा ऐकली आहे की आता कोणी बोलायला सुरुवात केली की माझी नजर आधी त्याच्या गुडघ्याकडेच जाते. तक्रार एक असली तरी कारणं निरनिराळी असतात. उपाय मात्र बहुतेक जण एकच करतात: एक नंबर लहान घ्यायची, नाहीतर जाड घ्यायची. बरेचदा त्याने त्रास वाढतो, पैसे जातात ते वेगळेच. मी ज्या क्रमाने तपासते तोच क्रम खाली दिला आहे. फुकटातल्या गोष्टी आधी, नवी जोडी घेणं सगळ्यात शेवटी.

लक्षणं

तुमचं यातलं नेमकं कोणतं, ते आधी ठरवा. "नीट बसत नाही" एवढ्यावर थांबू नका.

- अख्खी स्लीव्ह खाली येते. दोन-तीन सेटनंतर तिचा मधला भाग वाटीवरून उतरून नडगीवर आलेला असतो.
- खालची कड जागच्या जागी असते, पण वरची कड मांडीवरून सुटते आणि गुडघ्याच्या वर तिची जाड दोरीसारखी गुंडाळी होते.
- खाली बसलं की गुडघ्यामागच्या लवणीत चुण्या पडतात, चिमटा बसतो. काढल्यावर तिथे आडवी लाल रेघ दिसते.
- पोटरी जड होते, पावलाच्या वरच्या बाजूला किंवा बोटांत मुंग्या येतात.
- सगळं जागेवर असतं, पण घातली काय आणि न घातली काय, फरक कळत नाही.
- खाज, पुरळ, कुबट वास.
- घातली की गुडघा दुखत नाही, काढली की दुखतो.

शेवटचं लक्षण स्लीव्हचं नाही, गुडघ्याचं आहे. ते ज्यांना आहे त्यांनी मधलं सगळं सोडून "इथे थांबा" हा शेवटचा भाग वाचावा. आणि ज्यांना मुंग्या येतात त्यांनी आज स्लीव्ह बाजूला ठेवावी, मग पुढे वाचावं.

पेनाची रेघ

पाच मिनिटांचं काम आहे आणि माझा अर्धा निर्णय इथेच होतो. स्लीव्ह नेहमीसारखी घाला. वरच्या कडेला लागून मांडीवर एक आणि खालच्या कडेला लागून नडगीवर एक, अशा दोन बारीक रेघा पेनाने ओढा. मग रिकामा बार घेऊन, नेहमी जेवढं खाली जाता तेवढं जाऊन, सावकाश दहा स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बसणं-उठणं) करा. उभं राहा आणि रेघेपासून कड किती सरकली ते वर-खाली दोन्हीकडे मोजा.

सेंटिमीटरभर सगळ्यांचीच हलते, ते सोडून द्या. दोन्ही कडा साधारण सारख्याच खाली आल्या असतील तर स्लीव्ह घसरते आहे, म्हणजे तिची पकड कमी पडते आहे. एक तर ती सैल आहे, नाहीतर कातडी निसरडी आहे.

खालची कड हलली नाही आणि वरचीच उतरली, तर ती गुंडाळते आहे. आणि इथेच लोक फसतात. गुंडाळी झालेली दिसली की वाटतं वरून सैल आहे, म्हणून पुढची जोडी लहान घेतली जाते. प्रत्यक्षात अशा वेळी वरचं तोंड मांडीला जवळजवळ नेहमी घट्ट झालेलं असतं. मांडी काही सरळ नळकांड्यासारखी नसते, ती वर रुंद आणि गुडघ्याकडे निमुळती असते. अशा आकारावर घट्ट रबरी कडं चढवलं तर ते निमुळत्या बाजूलाच पळणार, कारण तिकडे त्याला कमी ताणावं लागतं. त्यातून प्रत्येक स्क्वॉटला मांडीचा स्नायू फुगतो आणि त्या कड्याला आणखी खाली ढकलतो. खालचा भाग पोटरीने धरून ठेवलेला असतो, त्यामुळे मधल्या कापडाला जायला जागा उरत नाही आणि ते वळतं.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने अशा तीन जोड्या बदलल्या होत्या, दर वेळी एक नंबर लहान. तिसरी जोडी चढवताना तिला धाप लागायची, आणि पाचव्या स्क्वॉटला वरची कड वाटीच्या वर येऊन बसायची. तिची मांडी भरदार, पोटरी सडपातळ. मी तिला माझ्याकडची पहिल्या जोडीहून एक नंबर मोठी स्लीव्ह घालून बघायला दिली. वरची कड रेघेवरून हललीही नाही. खाली थोडी ढिली वाटत होती, पण ते तिला चालण्यासारखं होतं.

तेव्हा आधी घसरणं आणि गुंडाळणं वेगळं करा. पुढच्या काही तपासण्या घसरणाऱ्यांच्या जास्त कामाच्या आहेत, मापाचा भाग मात्र दोघांनीही वाचावा.

उलटी तर घातली नाही ना?

विचारायला संकोच वाटतो, तरी मी दर वेळी विचारते. बहुतेक स्लीव्हचं वरचं तोंड खालच्यापेक्षा रुंद असतं. जमिनीवर सपाट ठेवून दोन्ही तोंडांची रुंदी मोजा. रुंद तोंड मांडीकडे. छापलेल्या नावावर विसंबू नका, काहींवर ते आडवं असतं, काहींवर बाजूला. ज्या स्लीव्ह किंचित वाकलेल्या आकारात शिवलेल्या असतात, त्यांच्या बाकाची आतली, खोलगट बाजू मागे यायला हवी. ती समोर आली तर गुडघा वाकवताना मागे दुप्पट कापड गोळा होतं आणि लवणीतला चिमटा तिथूनच सुरू होतो.

जागाही बघून घ्या. उभं राहिल्यावर वाटी स्लीव्हच्या बरोबर मध्यावर यायला हवी. पुष्कळ जण बसून, गुडघा वाकवून स्लीव्ह ओढतात आणि उभं राहिल्यावर ती दोन-तीन सेंटिमीटर खाली असते, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. मुळात खाली घातलेली स्लीव्ह "घसरली" असं मग वाटतं.

कातडी आणि कपडे

निओप्रीनची, म्हणजे या स्लीव्हच्या रबराची, पकड कातडीशी होणाऱ्या घर्षणावर असते. व्यायामाआधी पायाला तेल, क्रीम किंवा दुखण्यावरचं मलम लावलं असेल तर कोणतीही स्लीव्ह टिकणार नाही. शिवाय काही मलमांची उष्णता स्लीव्हखाली कोंडली जाते आणि कातडी भाजल्यासारखी होते. लेगिंग किंवा ट्रॅकपँटवरून घातली तर रबर कापडाला धरतं आणि कापड पायावरून सरकतं. कातडीला लागूनच घाला. फारच थंडी असेल तर वरून सैल पँट घाला.

घाम थोडा असला तर पकड उलट वाढते, पण पाय निथळायला लागला की पाण्याचा थर मध्ये येतो. लांबलेल्या सत्रात मधे एकदा स्लीव्ह खाली करून पाय आणि आतली बाजू टॉवेलने पुसली तरी पुरतं.

घालायची पद्धत

वरची कड दोन्ही हातांनी धरून ओढत बसणं ही सगळ्यात वाईट पद्धत. त्यात वरचा भाग ताणला जातो, खालचा मागे राहतो, आणि घातल्याबरोबर आतला ताण तिला परत खाली खेचायला लागतो. नखं रुतून कापड फाटतं ते निराळं.

त्याऐवजी स्लीव्हचा वरचा अर्धा भाग मोज्यासारखा उलटा करून खालच्या अर्ध्यावर दुमडून घ्या. ही दुहेरी पट्टी पावलातून चढवून नडगीवर आणा, खालची कड जिथे बसायला हवी तिथे टेकवा, आणि मग दुमडलेला भाग गुडघ्यावरून वर उलगडा. असं केलं की कापड ताणलं न जाता जागेवर बसतं. फारच घट्ट जोडी असेल तर पावलावर आणि नडगीवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवा, तिच्यावरून स्लीव्ह सरकवा आणि शेवटी पिशवी खालून ओढून काढा. उभं राहून गुडघा दोन-तीनदा हलका वाकवा आणि मागच्या चुण्या तळहाताने खाली सारून सपाट करा. एवढं केल्यावर लवणीतली लाल रेघ पुष्कळांची जाते.

धुतली कधी होती?

घाम आणि अंगाचं तेल आतल्या अस्तरात बसलं की ते गुळगुळीत होतं. "पूर्वी नीट बसायची, आता घसरते" असं कोणी म्हणालं की माझा पहिला संशय इथे असतो. कोमट किंवा गार पाणी, सौम्य साबण, हाताने दाबून धुणं, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळत घाला. गरम पाणी, ड्रायर आणि कडक ऊन टाळा: निओप्रीन म्हणजे वायूचे असंख्य बंद बुडबुडे असलेलं रबर, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी कापड चिकटवलेलं असतं. सारख्या उष्णतेने तो गोंद सुटतो, कापड फुगतं, रबर कडक होतं. अंगाची ऊब धरून ठेवणं हा गुण त्याला त्या बंद बुडबुड्यांमुळेच मिळतो. पाणबुडे त्याचेच पोशाख घालतात.

रोज वापरत असाल तर आठवड्यातून एकदा धुवा, आणि प्रत्येक वेळी वापरून झाली की उलटी करून वाऱ्यावर टांगा. घामट स्लीव्ह बॅगेत बंद करून दुसऱ्या दिवशी तशीच घालणं हे केसांच्या मुळाशी पुळ्या येण्याचं मोठं कारण आहे.

माप: तीन ठिकाणी, दोन्ही पायांचं

इथवर काही सापडलं नाही तर शिंप्याची टेप घ्या. लोकांनी घेतलेल्या चुकीच्या जोड्यांमागे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे एकाच ठिकाणचं माप. काही कंपन्यांचे तक्ते वाटीच्या मध्यावरच्या घेरावर असतात, काहींचे वाटीच्या १० सेंटिमीटर खाली पोटरीवर, काही मांडी आणि पोटरी दोन्ही विचारतात. एका कंपनीतला "मीडियम" दुसरीकडे "लार्ज" निघतो तो यामुळे. काही तक्ते पाय सरळ ठेवून मोजायला सांगतात, काही किंचित वाकवून. वाकवलं की वाटीवरचा घेर बदलतो, म्हणून तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय टेप लावू नका.

मी असं मोजायला सांगते. व्यायामाआधी मोजा, नंतर नको, कारण जड सेटनंतर मांडी फुगलेली असते. उभं राहा, वजन दुसऱ्या पायावर टाका, मोजायचा पाय सरळ पण सैल. वाटीच्या मध्यावर पेनाने ठिपका द्या. तिथून १० सेंटिमीटर वर एक, १० सेंटिमीटर खाली एक. तिन्ही ठिकाणी टेप कातडीला टेकेल एवढीच, कातडी दबणार नाही अशी. दुसऱ्या कोणाकडून मोजून घेतलं तर उत्तम, स्वतः वाकून मोजलं की मांडी आवळली जाते आणि आकडा वाढतो.

समजा आकडे आले: वर ५०, मध्ये ३८, खाली ३५. दुसऱ्या एकाचे आले: वर ४४, मध्ये ३८, खाली ३७. वाटीवरच्या मापाच्या तक्त्यात दोघांना एकच नंबर मिळेल. पहिल्याच्या मांडीवर ती स्लीव्ह गुंडाळेल, दुसऱ्याच्या पोटरीला काचेल. दोघंही म्हणतील की स्लीव्ह वाईट आहे. नंबर बरोबर असूनही त्या स्लीव्हचा निमुळतेपणा दोघांच्याही पायाशी जुळत नव्हता.

म्हणून वर आणि खालच्या आकड्यांतला फरक लिहून ठेवा. फरक मोठा असेल तर वरचं तोंड बऱ्यापैकी रुंद शिवलेली स्लीव्ह शोधा आणि नंबर मांडीवरून ठरवा. फरक कमी असेल तर सरळ आकाराची घ्या आणि नंबर पोटरीवरून ठरवा. माप दोन नंबरांच्या मध्ये आलं तर रोजच्या सरावासाठी मोठा नंबर घ्या. लहान नंबर त्यांच्यासाठी, ज्यांनी आधी घट्ट स्लीव्ह वापरली आहे आणि ज्यांना ती एखाद-दोन जड लिफ्टपुरतीच घालायची आहे.

दोन्ही पाय मोजायचं कारण वेगळं आहे. थोडा फरक सगळ्यांनाच असतो. पण एक मांडी दुसरीपेक्षा स्पष्ट बारीक निघाली आणि त्याच पायाला पूर्वी कधी इजा झाली असेल, तर तो स्नायू अजून भरून आलेला नाही. ही गोष्ट स्लीव्हच्या दुकानात सुटणारी नाही, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

घट्टपणा पटकन बघायचा असेल तर वरच्या कडेखाली एक बोट सपाट घालून बघा. जोर लावून एक बोट गेलं तर सरावासाठी ठीक, दोन बोटं सहज गेली तर सैल. मग पाच मिनिटं घालून बसा आणि त्याच पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. नाही झालं, तर ती जोडी परत करा. वापरून सैल होईल या आशेवर ठेवू नका.

जाडी: कशासाठी हवी आहे?

बाजारात साधारण ३, ५ आणि ७ मिलिमीटरच्या स्लीव्ह मिळतात. जाड म्हणजे चांगली असं नाही, प्रत्येकीचं काम निराळं.

३ मिलिमीटरची ऊब देते आणि हलकं दाबते. धावणं, उड्या, दोरी असं मिश्र काम असेल तर हीच. ५ मिलिमीटरची मी सगळ्यात जास्त जणांना सुचवते. स्नॅच आणि क्लीन-अँड-जर्क (बार जमिनीवरून डोक्यावर नेण्याच्या उचली) करणारे अगदी तळापर्यंत, मांडी पोटरीला टेकेपर्यंत बसतात, तेही वेगाने. ७ मिलिमीटरचा घट्ट थर तिथे लवणीत गोळा होतो आणि तळाशी बसूच देत नाही. ७ मिलिमीटरची खरी जागा पॉवरलिफ्टिंगच्या जड स्क्वॉटला. ताठ, घट्ट रबर वाकताना दबतं, ताणतं आणि उठताना थोडं परत ढकलतं. हा जोर मोठा नसतो, आणि तो जाडीइतकाच घट्टपणावर अवलंबून असतो. सैल ७ मिलिमीटरची स्लीव्ह नुसतीच गरम होते.

"फरक कळत नाही" म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की स्लीव्ह काय करते याबद्दलची अपेक्षाच मुळात फुगलेली असते. ती सांधा गरम ठेवते, दाब देते, आणि त्या दाबामुळे गुडघा कुठे आहे याची जाणीव वाढते. पुष्कळांना त्याने खाली बसताना धीर येतो, आणि तो धीर मी कमी लेखत नाही. पण अस्थिबंध फाटण्यापासून ती वाचवत नाही, आत पडणारे गुडघे बाहेर काढत नाही, आणि वजन पेलण्याची ताकद तर तुमच्याच मांडीतून यायची असते. वॉर्म-अप नीट झाला आणि स्लीव्हशिवाय गुडघा कुरकुरत नसेल, तर फरक न कळणं ही चांगली खूण आहे. तुम्हाला तिची गरज कमी आहे.

डेडलिफ्टला, म्हणजे बार जमिनीवरून मांडीपर्यंत उचलताना, मी स्लीव्ह काढायलाच सांगते. उपयोग फारसा नाही, आणि बार वर येताना वरच्या कडेला अडतो.

लवणीतला चिमटा अजून जात नाही

दिशा, पद्धत आणि माप बरोबर असूनही मागे टोचत असेल तर शिवण बघा. स्लीव्ह उलटी करून आतल्या शिवणीवरून बोट फिरवा. शिवण बाजूने गेलेली आणि सपाट हवी. ती लवणीतून जात असेल किंवा उंचवट्यासारखी लागत असेल तर खोल बसणाऱ्याला ती कायम काचणार. बुटक्या माणसाला लांब स्लीव्हही हाच त्रास देते. जास्तीचं कापड मागेच गोळा होतं. कापून आखूड करायचा मोह होतो, पण कापलेली कड उसवत जाते आणि गुंडाळते. आखूड लांबीची दुसरी घेणं एवढाच उपाय.

म्हातारी झाली आहे का?

दोन्ही तोंडं पकडून हलकं ताणा आणि सोडा. पूर्वीच्या आकारात चटकन येते की लोळागोळा पडून राहते? उजेडाकडे धरून बघा: वाटीच्या जागी रबर पातळ होऊन उजेड दिसतो का, शिवणीजवळ टाके सुटले आहेत का. टाके सुटले असतील तर चांगला शिंपी शिवून देतो. रबरच मेलं असेल तर जोडी बदला. नवी ७ मिलिमीटरची मात्र पहिले काही दिवस ताठच असते, तिला थोडी सवड द्या.

आणि कधी कधी स्लीव्ह तशीच असते, पाय बदललेला असतो. मन लावून स्क्वॉट करणाऱ्याची मांडी वर्षभरात भरते. पूर्वी बसणारी जोडी अलीकडे गुंडाळायला लागली असेल तर पुन्हा टेप काढा.

स्पर्धेत उतरणार असाल तर

नवी जोडी घेण्याआधी नियम बघा. इंटरनॅशनल पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या नियमांत स्लीव्ह जास्तीत जास्त ७ मिलिमीटर जाड आणि ३० सेंटिमीटर लांब चालते. तिला पट्टे किंवा वेल्क्रो चालत नाही, ती सांध्याच्या मध्यावर हवी, आणि तिने मोज्याला किंवा लिफ्टिंग सूटला टेकता कामा नये. या शेवटच्या अटीमुळे उंच मोजे घालणारे ऐनवेळी अडकतात. शिवाय फेडरेशनची मंजूर मालाची यादी असते. आकार बरोबर असूनही त्या यादीबाहेरची जोडी अशा स्पर्धेत चालत नाही. नी-रॅप, म्हणजे गुडघ्याभोवती गुंडाळायची पट्टी, ही वेगळी वस्तू आहे. ती २ मीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद इथवर चालते, पण फक्त इक्विप्ड, म्हणजे आधार देणारे खास सूट चालणाऱ्या, प्रकारात. क्लासिक, म्हणजे तसे सूट नसलेल्या, प्रकारात घालायची तर स्लीव्हच.

खाज आणि पुरळ

स्वच्छ धुतलेल्या, नीट वाळलेल्या स्लीव्हनेही खाज येत असेल, आणि पुरळ बरोबर स्लीव्हच्या आकाराचं, कडेपाशी थांबणारं असेल, तर ती ॲलर्जी असू शकते. निओप्रीन तयार करताना थायोयुरियाच्या जातीची रसायनं वापरतात, शिवाय कापड चिकटवणारा गोंद असतो. काहींच्या कातडीला ती सोसत नाहीत. वापर थांबवा आणि विणलेल्या कापडाची, निओप्रीन नसलेली स्लीव्ह वापरून बघा. पुरळ चिघळलं, पाणी सुटलं किंवा दोन आठवडे हटलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. जाताना स्लीव्ह बरोबर घ्या, पॅच टेस्टसाठी (कातडीवर चिकटवून ॲलर्जी तपासण्यासाठी) तिचा तुकडाही कामी येतो.

इथे थांबा

आधी मुंग्यांबद्दल. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीपेक्षा थोडं खाली बोटाने चाचपलं की हाडाचं एक टेंगूळ लागतं. ते फिब्युला या बारीक हाडाचं डोकं. त्याच्या लगेच खाली कॉमन पेरोनियल नावाची नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) कातडीच्या अगदी जवळून वळसा घेते. पाऊल आणि बोटं वर उचलणारे स्नायू तिच्यावर चालतात. स्लीव्हची खालची कड तिथे आवळून बसली, आणि सेट संपल्यावरही ती तशीच चढवून ठेवली, तर पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा येतो. म्हणून घट्ट जोडी दोन सेटच्या मध्ये खाली करायची, तासभर चढवून ठेवायची नाही. काढल्यावर काही मिनिटांत मुंग्या गेल्या तर माप बदला. बधिरपणा राहिला, किंवा टाचेवर उभं राहून पाऊल वर उचलता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, दाबल्यावर दुखते, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. चोळू नका, शेकू नका, लगेच दवाखान्यात जा. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट आपत्कालीन विभागात.

गुडघ्यात "कट्" असा आवाज होऊन काही तासांत सूज आली, गुडघा मध्येच अडकतो आणि सरळ होत नाही, चालताना दगा देतो, त्या पायावर भार टाकता येत नाही: यातलं काहीही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, आणि त्याने सांगेपर्यंत बारखाली उभं राहू नका. गुडघा लाल, तापलेला आणि अंगात तापही असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्यात तर सकाळपर्यंतही थांबायचं नसतं.

राहिलं सातवं लक्षण, स्लीव्ह घातली तरच गुडघा गप्प बसतो ते. माझ्याकडे असं कोणी आलं की मी वजन कमी करते आणि एक आठवडा स्लीव्हशिवाय, दुखणार नाही एवढ्याच खोलीपर्यंत स्क्वॉट करायला लावते. त्याने उतार पडला तर भार आधी वाढवला होता तो जास्त झाला होता. दोन आठवड्यांनीही जिना उतरताना किंवा बसून उठताना तसंच दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे पाठवते. तिथे जाताना स्लीव्ह घालून जाऊ नका, बॅगेत घेऊन जा. कोणत्या वजनाला, कितव्या सेटला आणि गुडघ्याच्या कोणत्या बाजूला दुखतं, हे मागच्या दोन आठवड्यांचं एका कागदावर लिहून न्या.